कुऱ्हाड स्वतः चालवणाऱ्या बायकांनो, लिहा (अनुभव धागा)

चुलीवरच्या भाकरीचे फोटो सगळे टाकतात, खालचं लाकूड कुणी फोडलं ते कुणी विचारत नाही. रानातून फाटी गोळा करायची, कोयत्याने साफ करायची, मोळी बांधून चुंबळीवरून घरी आणायची, हे सगळं बाईनेच करायचं आणि कुऱ्हाडीला मात्र हात लावायचा नाही, ती घरातल्या बाप्याची. बरं बाप्या मुंबईला, किंवा गेलेला, किंवा असून पारावर. मग ओंडका फुटतो कसा? तर ज्या स्वतः फोडतात किंवा ज्यांनी आईला-आजीला फोडताना बघितलंय त्यांनी लिहा. लाकूड कुठलं, हत्यार कुठलं, शिकवलं कुणी, अंग कुठे भरून आलं, सगळं. "गॅस घ्या ना मग" हा सल्ला नको प्लीज.

परसदार (राजापूर तालुका)
आमच्याकडे पावसाआधी लाकडं भरली नाहीत तर जून ते सप्टेंबर नुसता धूर खायचा. हिवाळ्यात तोडलेलं मे पर्यंत उन्हात कडक होतं आणि मग आमची फोडाफोड सुरू. मिस्टर बोटीवर, त्यामुळे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या उंचीला जेमतेम, अंगाने काटकुळ्या, पण ऐनाचा ओंडका असा उघडायच्या की येणारा-जाणारा थांबून बघायचा. त्यांचं म्हणणं एकच, जोर नंतर लाव, आधी लाकूड बघ. सुकताना ओंडक्याच्या तोंडावर चिरा पडतात ना, त्या चिरेच्या रेषेतच घाव पडला पाहिजे. जाडजूड असेल तर मधोमध मारत बसायचं नाही, कुऱ्हाड रुतते आणि ती सोडवण्यातच अर्धा जीव जातो, त्यापेक्षा कडेकडेने ढलप्या काढत आत यायचं. अगदीच हट्टी निघाला तर चिरेत लोखंडी पाचर ठेवून वरून घण. आणि बुंध्याकडचा वेडावाकडा भाग फोडायचाच नाही, अख्खा न्हाणीच्या चुलीत ढकलायचा, रात्रभर धुमसत राहतो आणि सकाळी हंडा गरम. हल्ली वाडीत अकेशियाच जास्त मिळतो, सरळसोट असतो म्हणून नवीन शिकणारीला तो बरा. ऐन, खैर, किंजळ आता कुठे राहिलेत एवढे.

माहेरवाशीण
श्रीवर्धनजवळचं गाव. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवतंय का कुणाला? मी लॉकडाऊनमुळे माहेरीच अडकलेली. अख्खी वाडी आडवी, नारळ-पोफळी तर गेल्याच पण मोठमोठे आंबे मुळासकट उपटले. लाईट कित्येक आठवडे नव्हती, सिलेंडरची गाडी येईना आणि मजूर मिळणं तर शक्यच नाही कारण ज्याचं त्याचं घर उघडं पडलेलं. मग आई, काकी आणि मी. मुंबईच्या ऑफिसात बसून की-बोर्ड बडवणारे माझे हात, पहिल्याच दिवशी फोड आले. आंबा फुटतो हो नीट. नारळाच्या खोडाशी मात्र कुणी डोकं लावू नका, त्याला रेषाच नसते, आत नुसते दोरे, कुऱ्हाड जाते आणि तिथेच बसते. पोफळ उभी चिरते पण ती रिपांना चांगली, जळणाला काही खरं नाही. परसातला रायवळ आजोबांनी लावलेला, त्यावर पहिला घाव घालायला आई तयार होईना, शेवटी काकीने घातला आणि मग आई एकदा सुरू झाली ती थांबेचना.

पांढरं सोनं (वर्धा)
आमच्या इकडं ओंडके-बिंडके कुठले आलेत बाई, पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कापसाची न् तुरीची वाळकी झाडं. कापसाची वेचणी सरली की फेब्रुवारी-मार्चात पऱ्हाट्या काढायच्या, चिमटा असला तर उपटून, नाहीतर बुडातून तोडून, आणि हे दिवसभर वाकून, कमरेचे पार बारा वाजतात. पुन्हा हाताला ओरखडे ते वेगळेच. मग पेंढ्या बांधून घरामागं रचायच्या. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं सगळं खाल्लं तेव्हापासून तर कृषीवाले लईच सांगतात की पऱ्हाट्या शेताजवळ रचू नका, अळी त्यातच दबा धरते. बरोबरच आहे त्यांचं. पण वर्षाचं जळतन ठेवायचं कुठं, डोक्यावर? तुराटी बरी, हातानं मोडते आणि पेटवायला एक नंबर.

मोहफुल
मी ताडोबाच्या बफरमधल्या गावातली. आमच्यात सरपणाला एकटी बाई जात नाही, घोळकाच जातो, आणि बोलत, हाका मारत. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो म्हणतात, म्हणून सगळ्याजणी एकदम वाकत नाही, एक तरी उभी राहून चौफेर बघत असते. पडलेलं-वाळलेलंच घ्यायचं. मोहाला कुऱ्हाड लावत नाही, तो फुलं देतो, टोळी म्हणजे फळं देतो. बिब्ब्याचं लाकूड तर मोळीत येऊच द्यायचं नाही, चीक लागला की अंगावर फोड आणि धुरानं तोंड सुजतं. जंगलाजवळच्या गावांना योजनेतून गॅस मिळाले, चहा-भाजी त्यावर होते, पण आंघोळीचं पाणी आणि लग्नकार्याचा स्वयंपाक अजून चुलीवरच. फोडायचं काम उजाडल्यावर घरी, सगळ्या सुनांची मिळून एकच कुऱ्हाड.

बंबवाली
पुण्यात वाड्यात राहायचो तेव्हा वखारीतून बंबफोड, म्हणजे पाणी तापवायच्या बंबासाठी फोडलेली लाकडं यायची, पण ती कधी बंबाच्या नळीत मावेल एवढी नसायचीच. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून, पाटावर बसून छोट्या कुऱ्हाडीने बारीक करायची. बसून! कुऱ्हाड उगारायचीच नाही, धार लाकडावर टेकवायची आणि दोन्ही एकदम उचलून जमिनीवर आपटायची. बोट जाणार कसं? मी अजून कॅम्पिंगला असंच करते आणि पोरं हसतात.

सांगलीची पण सध्या नॉर्वे
बंबवाली, आजीची पद्धत अगदी बरोबर आहे, इथले लोकही बारीक चिरायला असंच करतात. इथे बर्च फोडतात. हिवाळा संपता संपता फोडायचा, गोठलेलं लाकूड तडकन उडतं, मग उन्हाळाभर वाऱ्यावर सुकवायचं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला पाहिजे म्हणतात, त्याचं मीटरही मिळतं, मी दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघते, खणखणीत वाजल्या की झालं. मोठ्या ठोकळ्यावर जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा करायचा म्हणजे तुकडे उडत नाहीत आणि सारखं वाकावं लागत नाही. गावाकडे टायरला काय तोटा, करून बघा. शेजारच्या सत्तरीच्या बाई रोज फोडतात आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही, मला खरं नवल त्याचंच वाटलं.

उसाचा फड (कागल)
चिंच कुणी फोडलीय का? मी नाद सोडला. आतले धागे असले पिळ्याचे की घाव घाल नाहीतर डोकं आपट. उगाच नाही मटणवाले ठोकळा चिंचेचा घेत. बाभळ भारी, इंगळ टिकतो, काट्याचं तेवढं बघायचं. दांडा धामणीचा किंवा बाभळीचाच घाला आणि सैल झाला तर रात्रभर कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवा, लाकूड फुगून तेवढ्यापुरतं घट्ट बसतं.

नाव नको
वाचून छान वाटलं पण एक सांगू का, माझ्या आईने आयुष्यभर फोडलं आणि चाळिशीत खांदा गेला, वर धुराने खोकला. 2023 च्या मार्चमध्ये सिलेंडर अकराशेच्या वर गेला तेव्हा ती परत चुलीकडे वळली, हौस म्हणून नाही. तेव्हा जरा जपून कौतुक करा.

परसदार
खांद्याचं खरंय, नाव नको. माझाही उजवा धरतो, मी आता सकाळचं ऊन चढायच्या आत थोडं थोडंच करते, एकदम ढीग उपसायला जात नाही.

नवीनच
कुणी सांगेल का, कुऱ्हाडीला धार किती ठेवायची? माझी दाढी करता येईल एवढी आहे आणि रुततेच सारखी.

उसाचा फड
अगं तीच तर तोडायची झाली, फोडायची नव्हे. फोडायची जरा बोथट आणि पाठीकडं जाड पाहिजे. लोहाराकडून जाड पात्याची घे, कानस मारत बसू नकोस. आणि पाजवायला देताना दांडा घरीच काढून ने, नाहीतर तो काढेल पण मोडून.