घटस्फोटानंतर घर, दागिने, कर्ज यांची वाटणी: तुमचे अनुभव लिहा

ठाणे (धागाकर्ती)
घटस्फोटात मन कसं सावरायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. फ्लॅटचं काय, कर्जाचं काय, यावर मात्र घरात कुणी तोंड उघडत नाही. माझ्या धाकट्या बहिणीची केस कुटुंब न्यायालयात आहे. लग्नानंतर कमावलेलं अर्धं-अर्धं असा कायदा गोवा, दमण-दीव सोडून आपल्याकडे नाही. घर ज्याच्या नावावर त्याचं, दुसऱ्याने त्यात घातलेला पैसा कागदाने सिद्ध करायचा. हे ऐकून आम्ही दोघी सुन्न झालो. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी बारकाव्यांसकट लिहा.

पुणे
फ्लॅट आणि गृहकर्ज दोन्ही आमच्या दोघांच्या नावावर होतं. संमतीने वेगळं होताना ठरलं की फ्लॅट तो ठेवणार, मला माझा वाटा देणार, हप्ते तोच भरणार. वकीलबाईंनी मला तिथेच थांबवलं. हे तुमच्या दोघांत ठरलंय, बँक त्याला बांधील नाही. त्याने हप्ता चुकवला तर बँक तुझ्या दारात येणार, सिबिल तुझाही खराब होणार. म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या संमतीच्या लेखी अटींत, क्रमच लिहून घेतला. आधी त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आणि माझं नाव वगळल्याचं बँकेचं पत्र आणायचं. मग माझे पैसे डिमांड ड्राफ्टने, आणि त्यानंतरच हक्कसोडपत्राची नोंदणी. त्याच्या एकट्याच्या पगारावर बँक लवकर तयार होईना. सासूबाईंचे फोन यायचे, "आधी सही देऊन टाक, पैसे कुठे पळून जातात?" मी दिली नाही. निबंधक कार्यालयात वकीलबाईंनी ड्राफ्टवरचा आकडा दोनदा वाचला, मगच मी अंगठा टेकवला.

सांगली
माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये होते. "आम्ही घातलेलं ते आमचं" हाच त्यांचा हेका. स्त्रीधन सर्वस्वी बायकोचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. पण दागिना होता हे दाखवावं लागतं. माहेरच्या पाटल्या-ठुशीच्या सराफी पावत्या आईने जपल्या होत्या. सासरच्या तोड्यांची पावती कुठली असणार? सूनमुखाच्या फोटोत ते माझ्या हातात स्पष्ट दिसत होते, तोच फोटो लावला. तोडे मिळाले. मोहनमाळेचा पुरावा नव्हता, ती गेली.

म्हापसा
आमच्याकडे गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर सगळं दोघांचं सामाईक. माझं वडिलोपार्जित घरही त्यात आलं. बायकोचा अर्धा हक्क मला मान्यच होता, पण घराच्या किमतीवर आम्ही फार काळ अडलो. दोघांनी मिळून एकच मूल्यांकनकार नेमावा, असं मी कुणालाही सांगेन.

नाशिक
सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मिळकत आणि देणी शपथपत्रावर द्यावी लागतात. मी काही लपवलं नाही. मुलासाठी नोकरी बायकोने सोडली, म्हणूनच माझी बढती आणि हप्ते जमले. एकरकमी पोटगी ठरवताना मी ते धरलं. मित्र मला वेडा म्हणाले. मला ते आजही योग्य वाटतं.

सोलापूर
ठाणेकर ताई, बहिणीच्या विम्यावर, ठेवींवर, डीमॅटवर नॉमिनी कोण आहे ते आजच बघा. घटस्फोटाच्या हुकमाने ते नाव आपोआप निघत नाही. आणि तिचं लॉकर जॉइंट आहे का?