फ्रँक लोकांच्या ब्रोचच्या प्रतिकृतीत गार्नेट काळं का दिसतं?

कोंदणकार: सहाव्या शतकातल्या फ्रँक (पश्चिम युरोपातले जर्मॅनिक लोक) सरदार घराण्यांत वापरायचे तसा गोल ब्रोच करतोय. चांदीच्या तळावर 0.3 मिमी पट्टीची, खडे बसवायची घरं झाळली, आत सोन्याचा गुळगुळीत पत्रा, वर 2 मिमी जाडीचं अल्मंडाइन (लोहयुक्त लाल) गार्नेट, इपॉक्सी गोंदाने चिकटवलेलं. संग्रहालयातले खडे निखाऱ्यासारखे पेटलेले दिसतात, हे जवळजवळ काळे. काय बदलू?

तासणी (खडे कापणारा): आधी जाडी. अल्मंडाइनमधलं लोह प्रकाश शोषतं आणि प्रकाश खड्यातून दोनदा जातो, म्हणजे तुमचा खडा 4 मिमीचा झाला! मूळ दागिन्यांतल्या खड्यांची पाती 1 मिमीच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतात. फिकट माल निवडा आणि दोन्ही बाजूंना पॉलिश करा.

पत्रा मात्र गुळगुळीत नको. त्या कारागिरांनी त्यावर बारीक जाळी उठवलेली असे, मिलिमीटरला साधारण 3-4 रेघा. सपाट पत्रा प्रकाश एकाच दिशेला फेकतो, जाळी अनेक दिशांना. पितळी ठशावर मऊ केलेला पत्रा ठेवून कडक रबराने दाबा. शिसं वापरू नका, त्याचा अंश राहून पुढे तापवलं तर सोनं ठिसूळ होतं.

आणि इपॉक्सी काढाच. पत्रा आणि खडा यांमध्ये हवेची फट हवी. तिथे गोंद भरला की जाळीवरून तिरपा परतलेला बराच प्रकाश खड्याच्या वरच्या पृष्ठाखालीच अडकतो आणि शोषला जातो. भराव पत्र्याच्या खाली घाला: मेण आणि खडूची भुकटी. खड्याला घराच्या भिंतीची वरची कड धरून ठेवेल, ती किंचित आत दाबायची. सगळं झाळकाम त्याआधी. नंतर आच लागली तर मेण वितळतं, खडा तडकतो.

रत्नपारखी: खडा राजस्थानातला घ्या, ते मूळ मालाला धरूनच होईल. सहाव्या शतकापर्यंतच्या मेरोव्हिंजियन (फ्रँक राजघराण्याच्या काळातल्या) दागिन्यांतल्या बहुतेक पात्यांची रासायनिक बनावट भारत आणि श्रीलंकेतल्या गार्नेटशी जुळते. 1653मध्ये तुर्नेला (आजच्या बेल्जियममध्ये) सापडलेल्या फ्रँक राजा चिल्डेरिकच्या थडग्यात अशाच गार्नेट बसवलेल्या कामाची तलवार होती. सातव्या शतकात हा पुरवठा आटला आणि बोहेमियाचे (आजच्या चेकियातला प्रदेश) लहान पायरोप (गार्नेटचाच दुसरा प्रकार) खडे आले. त्यामुळे सहाव्या शतकाच्या प्रतिकृतीत बोहेमियन खडा नको.

कोंदणकार: पायऱ्यांच्या आकाराची पाती कापताना आतला कोपरा फुटतो.

तासणी: तो कोपरा काटकोनात कापू नका, ताण तिथेच साचतो. चाकाच्या पातळ कडेने, भरपूर पाणी सोडत, किंचित गोलाई ठेवून घासा. आणि आधी खडा कापा, मग त्याच्या मापाने पट्टी वाकवा. उलट केलंत तर प्रत्येक घरात फट राहील.