ऑफेन्स गाळात गेला की आधी कुणाला बदलायचं?

चौथा_डाउन

एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) एखाद्या संघाचा ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन गुण करणारी तुकडी, चार-पाच सामने अडखळला की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी क्वार्टरबॅकच्या (पास फेकणारा सूत्रधार) नावाने बोंब, मग ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची (ऑफेन्सची आखणी करणारा प्रशिक्षक) हकालपट्टी, मग मुख्य प्रशिक्षकाची. शिकागो बेअर्सने 2024 मध्ये नेमकं हेच केलं. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) सर्वात आधी निवडलेला केलब विल्यम्स हाताशी होता. डी. जे. मूर, कीनन ॲलन, रोम ओडुन्झे असे रिसीव्हर (पास झेलणारे) होते. तरीही न्यू इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानावर 19-3 अशी हार, आणि त्या एका सामन्यात विल्यम्स नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. दोन दिवसांत कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन गेले. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लूस गेले. हंगाम संपला तेव्हा विल्यम्सच्या खात्यावर 68 सॅक होते आणि संघ 5-12 (पाच विजय, बारा पराभव).

माझं मत असं की सुरुवात समोरच्या पाच जणांपासून करायची. क्वार्टरबॅकला वाचवणारी ही ऑफेन्सिव्ह लाइन (मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल) धड नसेल तर बाकीच्यांचं मोजमापच करता येत नाही. क्वार्टरबॅक वाईट आहे की घाबरलेला आहे, रिसीव्हर संथ आहे की त्याच्या रूटला (धावण्याच्या ठरलेल्या मार्गाला) वेळच मिळत नाही, हे कळणार कसं?

एकच उदाहरण बारकाईने बघा. तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसरा), अजून आठ यार्ड हवेत. समोरच्या संघाचा डिफेन्सिव्ह टॅकल सरळ न येता गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर आदळतो, आणि त्याच वेळी कडेचा एंड त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत घुसतो. आता गार्डने आपला माणूस शेजारच्या आपल्याच टॅकलच्या हवाली करायचा आणि स्वतः आत येणाऱ्या एंडला घ्यायचं. दोघं एका रेषेत असतील तरच ही अदलाबदल जमते. टॅकल अर्धं पाऊल जास्त मागे सरकला की मधे फट पडते आणि एंड थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर. ही समज एकमेकांशेजारी खेळूनच येते. 2011 च्या करारानंतर नियमित हंगामात पॅड घालून जेमतेम 14 सराव करता येतात, त्यामुळे नवख्या लाइनला शिकायला वेळच उरत नाही. तयार माणसं आणावी लागतात.

बेअर्सने 2025 च्या हंगामाआधी तेच केलं. कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि अटलांटाचा सेंटर ड्रू डाल्मन. तिघंही मधल्या फळीचे. कडेने येणाऱ्या माणसापासून क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून वाचतो, मधून येणाऱ्यापासून वाचायला जागाच नसते. विल्यम्सचे सॅक 68 वरून 24 वर आले, संघ 11-6 झाला. अजून काय पुरावा हवा?

प्लेबुक

पुरावा अर्धाच दिलात. त्याच जानेवारीत बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, हे तुमच्या लेखात कुठेच नाही! डेट्रॉइटचा ऑफेन्स लीगमध्ये अव्वल नेणारा माणूस शिकागोत येतो आणि श्रेय मात्र सगळं गार्ड-सेंटरला?

रॅम्सचं बघा. 2016 मध्ये त्यांनी 224 गुण केले, लीगमध्ये तळाला. पुढच्या वर्षी 478, लीगमध्ये पहिले. क्वार्टरबॅक तोच जॅरेड गॉफ, जो पदार्पणाच्या हंगामात सुरुवात केलेले सातही सामने हरला होता. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) तोच टॉड गर्ली, जो 2016 मध्ये दर धावेला 3.2 यार्डांवर अडकला होता आणि 2017 मध्ये वर्षातला सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह खेळाडू ठरला. बदलला तो प्रशिक्षक. शॉन मॅकव्हे तेव्हा 30 वर्षांचे होते. एकाच फॉर्मेशनमधून (मांडणीतून) धाव आणि पास दोन्ही, स्नॅपआधी (सेंटरने चेंडू मागे देण्याआधी) एका माणसाची हालचाल, मग धावेचं सोंग आणि गॉफला मोकळा रिसीव्हर. डिफेन्सला आधी विचार करायला लावला की लाइनला आपोआप अर्धा सेकंद मिळतो. लाइन चांगली दिसते ती अशी.

आणि वॉल्ड्रन गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या थॉमस ब्राउन यांनी काय केलं? लाइन तीच, रिसीव्हर तेच. चेंडू लवकर हातातून सोडायला लावला आणि विल्यम्स पुढच्याच सामन्यात ग्रीन बेविरुद्ध वेगळाच खेळाडू वाटला. तो सामना बेअर्स 20-19 हरले ते शेवटची फील्ड गोल किक अडवली गेली म्हणून.

टेपवाला

प्लेबुक, रॅम्सचं उदाहरण फार वेळा दिलं जातं आणि दर वेळी त्यातला एक माणूस गाळला जातो. अँड्र्यू व्हिटवर्थ. 2017 च्या हंगामाआधी रॅम्सने सिनसिनाटीकडून त्याला आणलं, वय 35. जोडीला सेंटर जॉन सलिव्हन. म्हणजे गॉफची पाठ सांभाळणारा डावा टॅकल आणि लाइनला हाका देणारा सेंटर, दोन्ही नवे आणि दोन्ही अनुभवी. शिवाय रिसीव्हर रॉबर्ट वूड्स, सॅमी वॉटकिन्स आणि तिसऱ्या फेरीतला कूपर कप. मॅकव्हे मोठे प्रशिक्षक आहेतच. पण फक्त प्रशिक्षक बदलला हे खरं नाही.

ब्राउन यांच्या काळाबद्दलही थोडं. दोन-तीन सामने बरे गेले, पण हार थांबली नाही. सलग दहा सामने गमावले त्या वर्षी. झटपट पासचा उपाय समोरच्या डिफेन्सला कळला की कॉर्नरबॅक (रिसीव्हरना अडवणारे) पुढे सरकून उभे राहतात, आणि मग मागे लांब फेकायला वेळ लागतो, जो लाइन देत नाही.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे की सॅक हा लाइनचा दोष. तो बराचसा क्वार्टरबॅकचा असतो.

टँपा बे, 2019: जेमिस विन्स्टन 47 वेळा सॅक झाला, वर 30 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास). टँपा बे, 2020: टॉम ब्रेडी 21 वेळा. लाइनमधले चार जण तेच होते, डोनोवन स्मिथ, अली मार्पेट, रायन जेन्सन, ॲलेक्स कापा. फक्त उजवीकडे ट्रिस्टन वर्फ्स नवा आला. वर्फ्स पहिल्या दिवसापासून उत्तम खेळला हे मान्य, पण एका उजव्या टॅकलने 26 सॅक कमी होत नाहीत. ब्रेडीला स्नॅपआधीच कळत होतं चेंडू कुठे जाणार ते.

विल्यम्स 2024 मध्ये चेंडू फार वेळ धरत होता, पॉकेट (लाइनने राखलेली सुरक्षित जागा) सोडून मागे मागे पळत होता. 68 पैकी कितीतरी सॅक त्याने स्वतः ओढवून घेतले. त्यामुळे माझा क्रम: आधी क्वार्टरबॅकची सवय, मग आखणी, मग लाइन.

चौथा_डाउन

@आकडेमोड, चेंडू धरून ठेवण्याची सवय येते कुठून तेही बघा ना. डेव्हिड कारचं नाव आठवा. 2002 मध्ये नव्या ह्यूस्टन संघाने त्याला ड्राफ्टमध्ये पहिला घेतला आणि त्या वर्षी तो 76 वेळा सॅक झाला, आजही तो विक्रम आहे. 2005 मध्ये परत 68. त्याचा खेळ कधीच सावरला नाही. पहिल्या दोन वर्षांत मार खाल्लेला क्वार्टरबॅक रिसीव्हरकडे बघायच्या ऐवजी रश करणाऱ्यांकडे (अंगावर धावून येणाऱ्यांकडे) बघायला लागतो, आणि ही खोड नंतर चांगल्या लाइनमागेही जात नाही. ब्रेडीचं उदाहरण वीस वर्षं खेळलेल्या माणसाचं आहे. बावीस वर्षांच्या पोराला तो निकष लावणं अन्याय आहे.

@प्लेबुक, जॉन्सन यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण डेट्रॉइटमध्ये त्यांच्याकडे कोण होतं? पेने सूएल, फ्रँक रॅग्नो, टेलर डेकर, तिघंही ऑफेन्सिव्ह लाइनचे. शिकागोत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल हे मार्चमधल्या तीन सौद्यांवरून दिसतंच. थूनीसाठी 2026 ची चौथ्या फेरीची निवड, जॅक्सनसाठी 2025 ची सहाव्या फेरीची. एवढ्या स्वस्तात क्वार्टरबॅकचं करिअर वाचत असेल तर कोणत्याही संघाने वाट का बघावी?

बाहेरचा_रिसीव्हर

सूएलचं नाव निघालंच आहे तर 2021 चा ड्राफ्ट काढू. सिनसिनाटी पाचव्या क्रमांकावर होतं. आदल्या वर्षी त्यांचा क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा फाटला होता, सगळे ओरडत होते की सूएलला घ्या, लाइन नीट करा. त्यांनी रिसीव्हर जमार चेस घेतला. सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला.

काय झालं? चेसने पहिल्याच वर्षी 1,455 यार्ड आणि 13 टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण) केले. बरो नियमित हंगामात 51 वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) टेनेसीने त्याला नऊ वेळा पाडला, तरी सिनसिनाटी 19-16 जिंकलं आणि सुपर बोलला (अंतिम सामन्याला) पोचलं. चौथा_डाउन यांच्या हिशेबाने हे घडायलाच नको होतं. मोकळा होणारा माणूस असेल तर वाईट लाइनमागेही गुण होतात. लाइन उत्तम पण बाहेर कुणीच मोकळं होत नाही, असा ऑफेन्स मात्र पंट करत, म्हणजे चेंडू लाथेने प्रतिस्पर्ध्याकडे सोपवत बसतो.

टेपवाला

आणि सुपर बोलमध्ये काय झालं तेही लिहा. सात सॅक. शेवटच्या चौथ्या डाउनला एक यार्ड हवा होता, रॅम्सचा ॲरन डोनाल्ड मधून घुसला, बरोला चेंडू नुसता भिरकावून द्यावा लागला आणि रॅम्स 23-20 जिंकले. त्यानंतरची दुखापतींची यादी तुम्हाला माहीत आहे: 2023 मध्ये मनगट, 2025 मध्ये पायाचा अंगठा. चेस घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही, तो असामान्य आहे. पण त्यानंतर वर्षानुवर्षं लाइनचा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवला त्याची किंमत बरोच्या शरीराने मोजली. हे बघताना खरंच वाईट वाटतं.

याउलट कॅन्सस सिटी. फेब्रुवारी 2021 मध्ये टँपाने त्यांना 31-9 हरवलं. दोन्ही टॅकल जखमी, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सामनाभर जिवाच्या आकांताने पळत होता. जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक, अँडी रीडसारखा प्रशिक्षक, ट्रॅव्हिस केल्सी, टायरीक हिल, आणि एकही टचडाउन नाही. त्यांनी काही महिन्यांत लाइनचे पाचही जण बदलले. थूनी तेव्हाच आला, क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत, ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत. दोन वर्षांनी विजेतेपद.

प्लेबुक

पण त्याच दोन वर्षांत त्यांनी हिलला विकून टाकलं आणि खेळाची आखणीही बदलली, लांब पासवरून छोट्या पासवर. ते पण मोजा.

आणि पैसे ओतून लाइन आणली की काम होतंच असंही नाही. कॅरोलायना: 2023 मध्ये क्वार्टरबॅक ब्राइस यंग 62 वेळा सॅक, संघ 2-15. 2024 ला गार्ड रॉबर्ट हंटला पाच वर्षांचे 10 कोटी डॉलर, डेमियन लुईसला चार वर्षांचे 5.3 कोटी. तरीही दोन सामन्यांत यंगला बाकावर बसवावं लागलं. त्याच लाइनमागे अँडी डाल्टन आला आणि पहिल्याच सामन्यात 36 गुण. आता सांगा, दोष कुणाचा?

चौथा_डाउन

दोष 2023 चा! ज्या मुलाला वर्षभर बडवून काढलं त्याला दोन सामन्यांत सावरायला सांगत होतात. आठवड्याभराची उसंत मिळाल्यावर नाही, महिनाभर बाहेर बसून परत आल्यावर तोच यंग त्याच लाइनमागे सुधारत गेला. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अटलांटाविरुद्ध ओव्हरटाइममध्ये 44-38 असा विजय, त्याच्या नावावर तीन पासिंग आणि दोन धावून केलेले टचडाउन. लाइन नीट असल्यामुळेच कळलं की तो खेळू शकतो.

रविवार_संध्याकाळ

सगळे मार्चमधल्या खरेदीबद्दल बोलताय. ऑक्टोबरमध्ये ऑफेन्स बंद पडला तर काय करायचं? तेव्हा बाजारात थूनी मिळत नाही.

टेपवाला

तेव्हा तुटकं घर सावरत खेळायचं. टाइट एंडने (लाइनच्या कडेला उभा राहून पासही झेलणारा) रूटवर जाताना समोरच्या एंडला एक धक्का देऊन जायचं. कमकुवत टॅकलच्या बाजूला रनिंग बॅक मदतीला ठेवायचा. पहिल्या डाउनला, समोरचे धावेची वाट बघत असताना, पास टाकायचा, म्हणजे तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड शिल्लक राहत नाहीत. सॅक होतात ते मुख्यतः तिथेच.

आकडेमोड

याचीही किंमत आहे. अडवायला सहा-सात माणसं ठेवली की रूटवर तीन-चारच जातात आणि समोर सात जण कव्हरेजला (त्यांना मोकळं होऊ न द्यायला). फिलाडेल्फियाने फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये एकदाही ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर धाडणं) केला नाही, फक्त चार जणांनी महोम्सला सहा वेळा पाडलं. चौघांकडून हरणारी लाइन असेल तर मदत पाठवूनही गणित बसत नाही. इथे मी चौथा_डाउन यांच्या बाजूला थोडा सरकतो.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. 2025 मध्ये विल्यम्सने 3,942 यार्ड केले, बेअर्सचा एका हंगामाचा विक्रम. त्याच वर्षी त्याची पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी मात्र 62.5 वरून 58 च्या आसपास घसरली. लाइन सुधारली, प्रशिक्षक बदलला, सॅक एक-तृतीयांशावर आले, आणि तरी नेम ढळला. ही घसरण लाइनच्या खात्यावर टाकता येत नाही.

प्लेबुक

नेम ढळला म्हणण्याआधी तो काय फेकत होता ते बघा. पॉकेट शाबूत असेल तर क्वार्टरबॅक दूरचा रिसीव्हर शोधतो, आणि दूरचे पास कमी पूर्ण होतात. शिवाय दबाव आला तर चेंडू बाहेर भिरकाव, सॅक घेऊ नकोस, हे शिकवलं की तो प्रत्येक चेंडू अपूर्ण पास म्हणून मोजला जातो. सॅक कमी आणि टक्केवारी कमी या दोन गोष्टी बऱ्याच अंशी एकाच शिकवणीतून आल्या आहेत, आणि ती शिकवण जॉन्सन यांची आहे.