सोल्युशन वाळू द्या ओ! पंक्चर, स्लिपर आणि रबर चिकटवायचे तुमचे अनुभव सांगा

परवा पोरीच्या सायकलचं पंक्चर घरीच काढायला बसलो. ट्यूब घासली, सोल्युशन फासलं, लगेच पॅच दाबला, हवा टाईट. सकाळी बघतो तर सायकल रिमवर बसलेली. बायको म्हणली, "आता शाळेत उचलून न्या." शेजारचे मामा कट्ट्यावरून सगळं बघत होते, ते म्हणले, "सर, ओल्यावरच चिकटवलं ना? त्याला वाळू द्यायचं असतंय." मला वाटायचं डिंकासारखं ओलं असतानाच चिकटतं. तर ज्यांनी कुणी ट्यूब, चप्पल, गमबूट, काहीबी जोडलं असेल त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर. सुरुवात माझी झाली.
(वसमत)

मामा बरोबर बोलले. आमच्या वडिलांचं परभणीत जिंतूर रोडला सायकलचं दुकान होतं, सातवीपासून मी तिथंच, त्यामुळं जरा लांब लिहितो. ट्यूबमधे हवा भरून घमेल्यात हळूहळू फिरवायची, बुडबुडा दिसला की तिथं आगपेटीची काडी दाबून खूण करायची, कारण ओल्या ट्यूबवर खडू उठत नाही. मग ट्यूब कोरडी करून घासणं. आमच्याकडं पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली खिसणी होती, पॉलिश पेपरबी चालतो. चमक पूर्ण गेली पाहिजे, आणि ट्यूबच्या मधून जी बारीक उठलेली रेघ असते ती भोकाजवळ आली तर घासून सपाट करायची, नाहीतर त्या रेघेच्या कडेनं हवा निसटत राहते अन् आपण पॅचला शिव्या देत बसतो. सोल्युशन पातळ लावायचं, पॅचपेक्षा बोटभर जास्त जागेत. आणि मग थांबायचं! गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून "झालं का, झालं का" करायचं, वडील निवांत चहा प्यायचे. मी एकदा लवकर वाळावं म्हणून फुंकर मारली तर मागून टप्पल बसली, तोंडातली वाफ बसते म्हणून. बोट उलटं करून टेकवायचं, चिकटलं नाही तरच पॅच लावायचा, मधून कडेकडे दाबत न्यायचा आणि पान्याच्या मागच्या बाजूनं ठोकायचं.

आता हे का, तर सोल्युशन म्हणजे गोंद नाही. कच्चं रबर पेट्रोलच्या जातीच्या द्रवात विरघळवलेलं असतं, तो द्रव उडून जायला पाहिजे. ओल्यावर पॅच ठेवला की तो आतच अडकतो, पॅच फुगतो, सरकतो. वाळल्यावर ठेवला की सोल्युशनमधला अन् पॅचच्या खालच्या थरातला मसाला एकमेकाला भेटून ट्यूब आणि पॅचचं रबर हळूहळू एकात एक बांधलं जातं. गुडइयर नावाच्या माणसाला 1839 मधे रबर, गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला, ते व्हल्कनायझिंग. इथं तेच काम आगीशिवाय होतं म्हणून सावकाश होतं. रात्रभर ठेवलेला पॅच दुसऱ्या दिवशी नखानं उकलून बघा, उकलत नाही.

गरम पॅचबी होता आमच्याकडं, मोटारसायकलच्या ट्यूबसाठी. कच्च्या रबराचा तुकडा भोकावर ठेवून शिकंज्यात आवळायचा, वर स्कूटरचा जुना पिस्टन, त्याच्या वाटीत थोडं पेट्रोल टाकून पेटवायचं. माझी डावी भुवई त्यात गेली, नववीत होतो, महिनाभर पोरं हसत होती. घरी हे करू नका.
(परभणी)

वरच्या दादांनी सगळं सांगितलं पण एक राहिलं. मला आठवीत सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली, शाळा गावापासून चार किलोमीटर, आणि आमच्याकडं रस्त्यापेक्षा सराटे जास्त. पहिलं पंक्चर मी अन् भावानं मिळून काढलं, एकदम पक्कं झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा फुस्स. परत काढलं, परत फुस्स. तिसऱ्यांदा आजोबा म्हणले, "आगं, काटा टायरात तसाच आहे की!" बाभळीच्या काट्याचं टोक मोडून आत राहिलेलं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून ट्यूबला हात लावायच्या आधी टायरच्या आतून सुती चिंधी फिरवते, कुठं अडकली की समजायचं. नुसतं बोट फिरवू नका, माझं फाटलंय. पुढं वर्गातल्या पोरींच्या सायकली माझ्याकडंच यायला लागल्या, "अगं जरा बघ ना", बदल्यात चिंचा. आज शिक्षिका आहे, दप्तरात अजून पॉलिश पेपरचा तुकडा असतो, का ते मलाबी माहीत नाही.
(केज)

स्लिपरवर कुणी बोलेना म्हणून मी. अंगठा उपसला की खालून पिन टोचायची हा तर सगळ्यांचा उपाय. माझा उपाय: जुन्या ट्यूबचा बंद्या रुपयाएवढा गोल कापायचा, मधे छोटं भोक पाडायचं, पट्ट्याचं बटण त्यातून ओढून स्लिपरच्या खाली बसवायचं, मग मोठं झालेलं भोक असलं तरी बटण वर येत नाही. फेविक्विक लावू नका, ते वाळून काचेसारखं होतं, चप्पल वाकते तिथंच तडकतं. चपलेचा तळ निघाला तर चांभारकाका लावतात ते पिवळं फेविबाँडसारखं घ्या, दोन्ही बाजूला लावा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या आणि नेम धरून चिकटवा. एकदा टेकलं की सरकत नाही. माझी एक चप्पल अशी तिरकी चिकटलीय, घालतो की नाही? घालतो.
(लातूर)

सरांनू, आजकालची हलकी फोमची चप्पल रबर नसतीच, ईव्हीए नावाचं प्लास्टिक असतंय. त्याला पंक्चरचं सोल्युशन लावलं तर सालीसारखं निघून येतं. मी तीन वेळा लावलं, मग कळलं. आणि पीयू (पॉलियुरेथेन) सोलच्या बुटाचा तर नादच सोडा. लग्नात घेतलेले बूट नीट डब्यात घालून कपाटात ठेवले, पाच वर्षांनी मेहुण्याच्या लग्नात घातले, मांडवात पोहोचेस्तोवर मागं काळा चुरा पडत गेला. ते हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतं, वापरात नसलेल्याचंबी. चुऱ्याला काय चिकटवणार, नवा सोलच टाकावा लागतो. सासऱ्यांनी त्यांच्या चपला दिल्या, दोन नंबर लहान.
(जालना)

सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की झाकण कितीबी आवळा, दोन-चार महिन्यांत आत नुसता रबराचा गोळा. त्यामुळं लहानातली लहान ट्यूब घ्या. गमबुटाच्या घोट्याजवळची चीर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून जोडली, दोन पावसाळे गेले, अजून फवारणीला तोच घालतो. आणि एक, हसण्यावारी नेऊ नका, लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. त्याच्या वासाची नशा करणारी पोरं मी स्टेशनवर बघितलीत.
(नांदेड)

एवढा उद्योग कशाला, नवीन ट्यूब टाका ना.
(धाराशिव)

टाका की. वॉलच्या, म्हणजे हवा भरायच्या तोंडाच्या, बुडाशी फाटली तर टाकावीच लागते, तिथं पॅच बसत नाही. पण काट्याच्या एका भोकासाठी ट्यूब फेकायची म्हणजे दात किडला म्हणून जबडा बदलल्यासारखं.
(परभणी)

काल पुन्हा केलं. घड्याळ लावून सात मिनिटं बसलो, मामा कट्ट्यावर होतेच. आज सकाळी मागचं चाक टाईट आहे! पण पुढच्या चाकात रात्रीतून हवा उतरलीय, काटाबिटा काही दिसेना, ट्यूब पाण्यात फिरवली, बुडबुडाबी नाही.
(वसमत)

वॉलवर थुंकी लावून बघा सर. फुगा आला तर आतली वॉलट्यूब गेलीय, ती बारीक रबरी नळी. त्याला सोल्युशन नको अन् काही नको, नवी नळी घ्या, जरा ओली करून चढवा. दोनच घ्या, एक पोरीच्या कंपासमधे ठेवा.
(केज)