मदत हवी आहे: भावाची बोट तांबड्या समुद्रातून जाणार, त्याला 'नाही' म्हणता येतं का?

नमस्कार मंडळी. इथे बोटीवर नोकरी केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

आम्ही गुहागरचे. धाकटा भाऊ ओएस, म्हणजे साधा खलाशी आहे, दुसरंच कॉन्ट्रॅक्ट. बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक. फुजैराला साइन ऑन करताना सांगितलं होतं की केपवरून, म्हणजे आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार. परवा मेसेज आला, 'ताई, आता सुएझमार्गे. आईला सांगू नको.' सुएझमार्गे म्हणजे तांबडा समुद्र, जिथे येमेनचे हुथी बंडखोर गाझाच्या युद्धावरून बोटींवर हल्ले करत आलेत.

आईपासून काय लपतंय! शेजारच्या पोराकडून तिने बोटींचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप घालून घेतलंय. रात्री मच्छरदाणीत फोन धरून बसते आणि तो हिरवा बाण किती सरकला ते बघते. व्याडेश्वराला गाऱ्हाणं घालून झालंय. एडनच्या आसपास बऱ्याच बोटी एआयएस, म्हणजे बोट कुठे आहे ते कळवणारी यंत्रणा, बंद करतात असं वाचलं. बाण दिसेनासा झाला की तिला काय सांगू?

एजंटला फोन केला. म्हणाला, "गाझात शस्त्रसंधी झाली, आता सगळं शांत आहे. बाकी पोराच्या पुढच्या जॉइनिंगचं तुम्ही बघा." हा सल्ला होता की धमकी, मला अजून कळलेलं नाही.

नकार दिला तर खर्च कोणाचा? आणि नाव काळ्या यादीत जातं का?

प्रतिसाद १
ताई, मी बत्तीस वर्षं बोटीवर काढली, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून उतरलो. आधी भावाकडून एसईएचा, म्हणजे नोकरीच्या कराराचा फोटो मागवा. सही केलेली प्रत त्याच्याकडे असायलाच हवी. बोट आयटीएफ-आयबीएफ करारातली, म्हणजे खलाशांच्या जागतिक युनियनने बोटमालकांशी केलेल्या करारातली आहे का ते बघा. असेल आणि समुद्राचा तो पट्टा त्यातल्या 'वॉरलाइक' (युद्धसदृश) वर्गात असेल, तर त्याला जायला नकार देता येतो. घरी पाठवायचा खर्च कंपनीचा, वर दोन महिन्यांचा बेसिक भरपाई म्हणून. गेला तर तिथल्या दिवसांचा बेसिक दुप्पट, कमीत कमी पाच दिवसांचा, आणि मृत्यू-अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. फक्त हे वर्ग बदलत असतात. बोट तिथे पोचेल तेव्हाची यादी धरा, साइन ऑनच्या दिवसाची नको. करार आयबीएफचा नसेल तर मात्र त्यातलं कलम वाचल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

काळी यादी: एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात खलाशाला काम मिळू नये म्हणून याद्या ठेवायला मनाई आहे. भारताने २०१५ मध्ये ते मान्य केलंय. आता खरं सांगू? यादी कागदावर नसते, एजंटच्या डोक्यात असते. म्हणून फोनवर बोलू नका, सगळं ईमेलवर घ्या. धमकी देणारा माणूस लिहून देत नाही.

प्रतिसाद २
'शस्त्रसंधी झाली' यावर फार विसंबू नका. जानेवारी २०२५ मध्येही गाझात शस्त्रसंधी झाली होती. हुथींनी पळवलेल्या गॅलॅक्सी लीडर बोटीचे पंचवीस खलाशी चौदा महिन्यांनी सोडले ते तेव्हाच. मे महिन्यात ओमानच्या मध्यस्थीने अमेरिकेशी त्यांचा समझोताही झाला. आणि जुलैत मॅजिक सीज आणि इटर्निटी सी या दोन बोटी लागोपाठ बुडवल्या. दोन्ही लायबेरियाच्या झेंड्याच्या, ग्रीक कंपन्यांच्या.

हुथींनी कारण दिलं ते नीट वाचा: या कंपन्यांच्या बोटी इस्रायलच्या बंदरात जातात. त्यामुळे तुमच्या भावाची बोट कुठे चाललीये एवढंच विचारून भागत नाही. मालकाच्या बाकीच्या बोटी गेल्या वर्षभरात हैफा, अश्दोदला गेल्यात का, ते विचारा. आईंच्या त्याच अ‍ॅपवर कंपनीच्या इतर बोटीही शोधता येतात.

बाकी आपल्या नौदलाबद्दल शंका नको. मार्च २०२४ मध्ये ट्रू कॉन्फिडन्स या बोटीवर क्षेपणास्त्र पडलं, तीन खलाशी गेले, पण एकवीस जणांना आयएनएस कोलकाताने उचललं. मात्र ती मदत हल्ल्यानंतरची.

धागाकर्ती
दोघांचे आभार. करार आला, फोटो आडवा आणि अर्धा अंगठ्याखाली, पण आयबीएफ हे शब्द वाचता येतात. काका, तुमचा मुद्दा त्याला कळवला. तो म्हणतो, 'दुप्पट बेसिक मिळतो तर जातोच ना, घराचा स्लॅब पडायचाय.' आता यावर मी काय बोलू? आईने मध्येच फोन ओढून घेतला आणि म्हणाली, "स्लॅब राहू दे, कौलं आहेत."

मालकाच्या बोटी शोधायला बसलोय आम्ही दोघी. अकरा सापडल्या. त्यातली एक मागच्या महिन्यात अश्दोदला होती. हे कॅप्टनला भावाने स्वतः सांगायचं, की युनियनकडून जाऊ द्यायचं?

प्रतिसाद १
युनियनकडून. आजच. आणि त्या बाणाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा.