शब्दचर्चा : डिसोसिएशन, आघात, बिघडलेली झोप आणि एक 'मुळे'

मधुमालती : पालक आणि शिक्षकांना वाटण्याच्या एका पत्रकाचे मराठीकरण माझ्याकडे आले आहे. मूळ मजकुराचा आशय असा : लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्या व्यक्तींमध्ये मोठेपणी डिप्रेशन अधिक प्रमाणात आढळते, आणि या दोहोंना जोडणाऱ्या वाटेवर डिसोसिएशन (मन स्वतःपासून किंवा भोवतालापासून सुटे पडणे) व बिघडलेली झोप यांचाही वाटा असावा. माझा पहिला खर्डा होता : 'बालपणीच्या आघातामुळे विघटन व निद्रानाश होऊन नैराश्य येते.' संपादकांनी 'विघटन' या शब्दाखाली रेघ ओढून समासात 'कशाचे, ओल्या कचऱ्याचे?' असा शेरा मारला आहे. डिसोसिएशनला रुळलेला मराठी शब्द कोणता? शिवाय 'निद्रानाश' आणि 'नैराश्य' हे दोन शब्द येथे कितपत नेमके आहेत, हेही जाणकारांनी सांगावे.

चकोर : संपादकांचा शेरा खोचक असला तरी रास्त आहे, कारण 'विघटन' म्हटले की आजच्या वाचकाला खतनिर्मिती आठवते, नाहीतर एखाद्या राष्ट्राचे तुकडे होणे. मात्र इतिहास पाहिला तर या शब्दाची बाजू अगदीच लंगडी नाही. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी 1889 सालच्या आपल्या प्रबंधात या अवस्थेसाठी 'देझाग्रेगासिओं' हा शब्द योजला होता आणि त्याचा शब्दशः अर्थ विघटन असाच होतो. अनुभव, स्मृती आणि भावना यांची मोट बांधून ठेवणारी मनाची शक्ती तीव्र भावनेच्या तडाख्याने क्षीण होते आणि त्यातला एखादा भाग सुटून आपला आपण वावरू लागतो, अशी त्यांची मांडणी होती. आज मात्र डिसोसिएशन या शब्दाखाली दिवास्वप्नात गढून जाण्यापासून स्वतःचे नावगाव विसरण्यापर्यंतचा मोठा पट्टा येतो आणि त्याच्या सौम्य टोकाला 'विघटन' हा शब्द फार जड पडतो. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला 'विचरण' तर येथे मुळीच चालणार नाही.

रानवारा : 'विलगता' का नको?

चकोर : 2020 सालापूर्वी मीही तोच सुचवला असता. आता 'विलग' म्हटले की विलगीकरण कक्ष, चौदा दिवस आणि दारावर चिकटवलेला कागद डोळ्यांपुढे येतो.

अनुस्वार : मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि बाह्यरुग्ण विभागात दिवसभर मराठीतच बोलतो, म्हणून शब्दकोशापेक्षा रुग्णांच्या तोंडच्या भाषेबद्दल लिहितो. डिसोसिएशन हा शब्द घेऊन कोणीही येत नाही. 'सुन्न होते', 'बधिर व्हायला होते', 'मी बोलत असतो आणि माझेच बोलणे दुसरे कोणीतरी बोलल्यासारखे लांबून ऐकू येते', 'घर माझेच आहे, पण सिनेमातल्या घरासारखे दिसते' अशा वाक्यांनी ही तक्रार पुढे येते. वडिलांच्या हातचा रोजचा मार खाऊन मोठ्या झालेल्या एका गृहस्थांनी मला सांगितले होते की, पट्टा सुरू झाला की ते छताच्या पंख्याची पाती मोजू लागत आणि थोड्या वेळाने मार दुसऱ्याच कोणत्या तरी मुलाला बसतो आहे असे त्यांना वाटू लागे. सुटकेचा मार्ग नसलेल्या मुलाने मनाच्या आत काढलेली ती वाट होती. अडचण पुढे होते, कारण धोका टळून वीस वर्षे झाली तरी साहेबांचा आवाज जरा चढला की तीच वाट आपोआप उघडते, समोरचे बोलणे कानांवरून जाते, आणि दुःखाबरोबर आनंदही बधिर होतो. कशातच राम वाटत नाही, ही नैराश्याच्या रुग्णाची नेहमीची तक्रार आणि हा बधिरपणा यांची सीमा कित्येकदा आम्हालाही पटकन आखता येत नाही.

आता शब्दांविषयी. 'भान हरपणे' हा शब्दप्रयोग पुष्कळांना सुचेल, पण मराठीत भान हरपते ते कीर्तनात, गाण्याच्या मैफलीत किंवा पंढरीच्या वाटेवर, आणि ते भाग्याचे लक्षण मानले जाते. 'तंद्री लागणे' हा शब्द निरुपद्रवी टोकासाठी अचूक आहे. ईव्ह बर्नस्टाइन आणि फ्रँक पटनम यांनी 1986 साली डिसोसिएशन मोजण्यासाठी 28 प्रश्नांची जी मापनश्रेणी प्रसिद्ध केली, तिच्यातला पहिलाच प्रश्न प्रवासातल्या तंद्रीचा आहे : बसमधून जाताना मधल्या रस्त्यावर काय घडले ते आठवतच नाही, असे तुमच्या बाबतीत कितपत होते? आपल्यापैकी कोण याला 'कधीच नाही' असे उत्तर देईल? 'अंगात येणे' हा विषय आणखी वेगळा आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे, परंतु समाजमान्य धार्मिक आचाराचा भाग म्हणून जे घडते त्याला तेथे विकार म्हटलेले नाही, तेव्हा पत्रकात त्या शब्दाला हात न लावलेला बरा.

माझी सूचना अशी की, पहिल्या उल्लेखात 'डिसोसिएशन' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, त्याला लागून 'म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखे वाटणे' असा खुलासा करावा आणि पुढे केवळ 'तुटल्यासारखे वाटणे' असे लिहावे. शिक्षकाला मुलामध्ये ओळखायची ती हीच गोष्ट आहे.

रानवारा : 'तुटलेपण' असे नाम केले तर आटोपशीर होईल.

अनुस्वार : होईल, पण 'तुटलेपण' म्हटले की मराठी वाचक समाजापासून किंवा गावापासून तुटणे समजतो. एकटेपणा निराळा आणि स्वतःच्याच हाताकडे पाहून 'हा माझाच ना?' असे वाटणे निराळे.

चकोर : 'नैराश्य' विषयी थोडे. 'निराशा' ही आशाभंगाची भावना आणि 'नैराश्य' हा विकार, असा फरक व्यवहारात रूढ झाला आहे, त्यामुळे तो शब्द ठेवण्यास हरकत नाही. 'अवसाद' हा शब्द संस्कृत असूनही मराठी कानाला हिंदी वाटतो. गंमत अशी की 'अवसाद' आणि गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातला 'विषाद' हे दोन्ही 'सद्' म्हणजे खाली बसणे, खचणे या एकाच धातूपासून झालेले आहेत. अर्जुन तेथे केवळ दुःखी झालेला नाही. त्याची गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे आणि हातातले धनुष्य निसटते आहे. 'नैराश्य' या शब्दात शरीराची ही बाजू येत नाही. मराठीतले 'खचणे' हे क्रियापद मात्र ती नेमकी पकडते, तेव्हा पत्रकात एखाद्या ठिकाणी 'माणूस मनाने आणि शरीराने खचतो' असे यावे.

सावली : शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे माझा आक्षेप 'आघात' या शब्दाला आहे. आघात म्हणजे एक घाव, एक प्रसंग, एक तारीख. किल्लारीच्या भूकंपासाठी तो शोभतो : 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारची वेळ, सारे गाव झोपेत. पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत अशी तारीख सांगता येत नाही. कोणी विचारपूस न करणे, आजारपणात कोणी जवळ नसणे, रोजचे टोचून बोलणे यांचा घाव दिसत नाही, आणि त्यासाठी आपल्याकडे 'आबाळ', 'हेळसांड', 'पाणउतारा' हे जिवंत शब्द आहेत. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी सॅन डिएगोमधल्या 9,508 प्रौढांच्या उत्तरांवरून 1998 साली बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवर जो गाजलेला लेख लिहिला, त्यात अशा अनुभवांचे सात प्रकार होते. हेळसांडीसह आणखी काही प्रकार पुढे जोडले गेले आणि यादी दहावर गेली. पत्रकात 'बालपणी सोसलेला छळ, मारहाण किंवा आबाळ' असे उलगडून लिहावे. 'ट्रॉमा' तर नकोच, कारण पालकांच्या मनात त्या शब्दाने महामार्गावरचे ट्रॉमा केअर सेंटर उभे राहते.

अनुस्वार : सावलीताईंशी पूर्ण सहमत आहे. आता राहिला 'निद्रानाश', आणि माझ्या मते खर्ड्यातला सर्वांत ढोबळ शब्द हाच आहे. झोपेचा नाश क्वचितच होतो, ती बिघडते, आणि कशी बिघडते त्याला महत्त्व आहे. अंथरुणावर पडल्यावर डोळ्याला डोळा न लागणे, रात्रीतून चारदा जाग येणे, दचकून किंवा ओरडत उठणे, पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, आणि काही नैराश्यग्रस्तांमध्ये याच्या उलट दहा-अकरा तास झोपूनही अंग जड राहणे, हे सगळे 'निद्रानाश' म्हटल्यावर एका पोत्यात जाते. शेवटचा प्रकार तर त्यात मावतच नाही. मराठीत 'सावध झोप' असा सुंदर शब्द आहे आणि तो आपण कौतुकाने वापरतो, तान्ह्या बाळाच्या आईची झोप सावध असते. ज्या मुलाच्या घरात रात्री पावलांचा आवाज म्हणजे संकट असे, त्याचीही झोप सावध होते आणि चाळिशीतही सावधच राहते.

झोप आणि डिसोसिएशन यांचा संबंध तर अलीकडे फार रोचक झाला आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त विद्यापीठातील संशोधकांनी 2007 साली दाखवले की, निरोगी स्वयंसेवकांनाही एक रात्र जागे ठेवले तर त्यांच्यात तुटल्यासारखे वाटण्याची लक्षणे वाढतात. पुढे 2012 साली रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांच्या पाहणीत झोप सुधारली तशी ही लक्षणेही उतरल्याचे आढळले. त्यावरून काही संशोधक म्हणतात की, डिसोसिएशनचे मूळ बालपणीच्या छळात शोधण्याऐवजी झोप-जागेच्या बिघडलेल्या चक्रात शोधावे. दुसरा पक्ष छळाचा संबंध ठामपणे मांडतो. मला व्यवहारात दोन्ही खरे वाटतात, कारण छळानेच झोप बिघडलेली असू शकते. नैराश्याच्या बाबतीतही बिघडलेली झोप हे केवळ लक्षण मानण्याचे दिवस गेले. 2011 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात, नैराश्य नसलेल्या पण झोपेची तक्रार असलेल्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट दिसली होती.

म्हणूनच माझा खरा आक्षेप 'मुळे' या शब्दयोगी अव्ययाला आहे. 'पावसामुळे सामना रद्द झाला' या वाक्यात 'मुळे' चोख आहे : एक कारण, एक परिणाम. 'आघातामुळे विघटन व निद्रानाश होऊन नैराश्य येते' या वाक्यात मात्र त्याने चार गोष्टी एका सरळ दोरीत ओवल्या आणि प्रत्येक गाठ पक्की असल्याचे भासवले. 1998च्या त्या लेखातही, चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव सांगणाऱ्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम चार ते बारा पटींनी अधिक आढळल्याचे म्हटले आहे. ती वेळ प्रत्येकावर येतेच असे म्हटलेले नाही. शिवाय मोठेपणी आठवून सांगितलेले बालपण आणि त्या त्या वेळी नोंदवलेले बालपण पुष्कळदा जुळत नाही. जेसी बॉल्डविन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली 16 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा, बालपणी छळाची नोंद झालेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी मोठेपणी तसे सांगितल्याचे आढळले. हे पत्रक वाचणाऱ्यांत मार खाल्लेली माणसेही असतील. त्यांना 'मुळे' हा निकालासारखा वाटेल, आणि बाकीच्यांना नैराश्यातल्या प्रत्येक माणसाच्या आईबापांवर बोट ठेवण्याचा परवाना.

मधुमालती : सर्वांची आभारी आहे. सुधारलेला मजकूर असा : 'लहानपणी छळ, मारहाण किंवा आबाळ सोसलेल्या व्यक्तींना मोठेपणी नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. अशा काही व्यक्तींना डिसोसिएशनचा, म्हणजे स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखे वाटण्याचा, अनुभव येतो आणि त्यांची झोपही बिघडलेली असते. झोप बिघडली की तुटल्यासारखे वाटणे वाढू शकते, आणि दोन्हींचा नैराश्याला हातभार लागू शकतो.'

सावली : 'शकते', 'शकतो' लागोपाठ आले आहेत, दुसऱ्या ठिकाणी 'लागण्याचा संभव असतो' असे करावे. आणि पत्रकाच्या तळाशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोठ्या टंकात छापावा. तो रात्रीही लागतो हे वाक्य त्याच्या शेजारी असू द्यावे, कारण ज्यांच्यासाठी हे पत्रक आहे त्यातले बरेच जण ते रात्री तीन वाजता वाचतील.

चकोर : 'हेल्पलाइन' हा शब्द तसाच ठेवा, 'साहाय्यवाणी' करू नका.