पावसात, घाटात, कॅम्परव्हॅनमधून : अनुभव लिहा

रानजाई

धाकटी बहीण न्यूझीलंडला चाललीय, दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतलीय. काल तिचा फोन, "ताई, मिलफर्डच्या दिवशी नेमका पाऊस दाखवतोय. बोट रद्द करून क्वीन्सटाउनलाच थांबू का?" अजिबात नको, म्हणून ओरडलेच मी! मग रात्री झोप कसली येतेय, आमची ट्रिप आठवत बसले. म्हणून हा धागा.

मिलफर्ड साउंड म्हणजे उंच कड्यांमध्ये आत शिरलेला समुद्र, तो बोटीतून बघायचा. तिथे वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ आपली आंबोली, फक्त आंबोलीत तो चार महिन्यांत कोसळतो आणि तिथे बारमाही असतो. कोरडा दिवस मिळाला की लोक नशीब काढलं म्हणतात. माझं मत बरोब्बर उलटं. कोरड्या दिवशी स्टर्लिंग, बोवेन असे मोजकेच धबधबे दिसतात. पाऊस लागला की अख्खे कडे वाहायला लागतात, कारण खडकावर माती जवळपास नाहीच, पाणी मुरणार कुठे? पाऊस थांबला की थोड्याच वेळात त्यातल्या कितीतरी धारा गायब.

'ते अनाऊ' (Te Anau) या गावापासून मिलफर्डपर्यंत साधारण १२० किमी रस्ता. शेवटाकडे होमर बोगदा लागतो. १९३५ साली काम सुरू झालं, वाहतूक सुरू व्हायला १९५४ उजाडलं. लांबी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर आणि आत चांगलाच उतार. तोंडाशी सिग्नलला थांबलो तर किआ पोपट थेट बॉनेटवर! एकाने वायपरचं रबर चोचीत धरून असं ताणलं की लेक किंचाळली आणि तो तिच्याकडे मान वाकडी करून बघत बसला. (त्यांना खायला देऊ नका, रबराचा चस्का त्यांना तसाही आहे.) बोगद्यातून बाहेर पडलो आणि तिन्ही बाजूंना पाणीच पाणी. काचेतून कड्याचा माथा दिसेना. लेक सीटवरून वाकून वर बघत विचारते, "आई, आभाळ कुठाय?"

डिझेल ते अनाऊलाच भरा, पुढे मोबाइलला रेंजही नाही. सकाळी रस्त्याची स्थिती बघूनच निघा. पाऊस म्हणून रद्द करू नका, पण रस्ता बंद म्हटलं की बंद. २०२० च्या फेब्रुवारीत हाच रस्ता पुराने तुटला आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं.

लिहा मग. डोंगर कुठलेही चालतील, पाऊस मात्र हवा.

टेक्सासकर

कोलोरॅडो, जुलैअखेर. सकाळी निळंशार आभाळ, दुपारी कडकडाट, गारा. तिथलेसुद्धा त्याला मान्सूनच म्हणतात बरं का.

सिल्व्हरटन–युरे रस्ता. रेड माउंटन पास ११,०१८ फूट, आणि दरीच्या बाजूला मोठ्या पट्ट्यात कठडाच नाही. आम्ही मुद्दाम सिल्व्हरटनकडून युरेकडे उतरलो, म्हणजे आपली लेन डोंगराला लागून राहते. उलट आलात तर दरी तुमच्या खिडकीखाली. मोठी गाडी आणि ओला रस्ता असेल तर हीच दिशा धरा. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा. आमच्या पुढच्या गाडीच्या चाकांतून जळका वास येत होता. बाकी संध्याकाळी लिहितो, मीटिंग आहे.

जाईजुई

संडासाच्या टाकीबद्दल कोणी लिहिणार आहे की नाही? 😄 भर पावसात रेनकोट घालून ती टाकी रिकामी करायचा पाइप जोडणारा नवरा हा खरा जीवनसाथी.

मेतकूट_भात

@जाईजुई +१११. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात.

चिंब_चिंब

स्कॉटलंड. वेगळी एंट्री हवी त्याला. तिथला पाऊस पडत नाही, लटकत असतो. ॲपलक्रॉसच्या बेलख ना बा घाटाच्या पायथ्याशी मोठा फलक आहे, शिकाऊ चालक, फार मोठ्या गाड्या, कॅरॅव्हॅन यांनी जाऊ नये. उंची फक्त ६२६ मीटर, ऐकून आपल्याला काहीच वाटत नाही. पण एकेरी रस्ता, त्यात केसपिनसारखी वळणं आणि धुकं. आम्ही शिलडेगकडून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलो. लांब पडतो पण तो रस्ता फार देखणा आहे, मध्येच ढग फाटून समुद्रावर ऊन पडलं की बघत राहावं. एकेरी रस्त्यावर पासिंग प्लेस असतात, समोरचा थांबला की हात करायचा. दिवसभर हात करून करून मुलांना तोच खेळ झाला.

पाऊस थांबला की मिजेस. चिलटं हो, चावणारी. त्यापेक्षा पाऊस परवडला.

रानजाई

@चिंब_चिंब आमच्याकडे सँडफ्लाय!! दार दहा सेकंद उघडं राहिलं की आत. माझ्या घोट्यांवर महिनाभर खुणा होत्या.

घाटमाथा

परदेश नाही, चालेल ना? मित्रांची ट्रॅव्हलर व्हॅन आहे, आत दोन बर्थ, शेगडी, वर पाण्याची टाकी. २०२३ च्या जुलैत हिमाचलात होतो. मंडी–कुल्लू रस्ता बंद, पंडोह ते औट दरडींनी भरलेला. हॉटेलं फुल, लोक गाड्यांत बसून रात्र काढत होते आणि आमच्याकडे झोपायला गादी, गॅस, तांदूळ, डाळ. शेजारच्या टॅक्सीतलं नाशिकचं कुटुंब आणि त्यांचा मंडीचा ड्रायव्हर दोन्ही वेळेला आमच्याकडे खिचडी खायला. त्या ड्रायव्हरने एक सांगितलं ते कायमचं लक्षात राहिलं, गाडी नदीकडे लावू नका आणि कड्याखालीही लावू नका. बियासचा आवाज रात्रभर. पाण्यात दगड गडगडत जातात तो आवाज वेगळाच असतो, पोटात जाणवतो.

जाईजुई

बापरे. काळजी घ्या रे सगळे.

निवांत_दुपार

@घाटमाथा ट्रॅव्हलरचं काम कुठे करून घेतलं? वर ताडपत्री आहे का पत्रा? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

सह्यकन्या

स्मोकीज, म्हणजे अमेरिकेतले ग्रेट स्मोकी माउंटन्स, टेनेसीकडची बाजू. नॅशनल पार्कच्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही, त्यामुळे सगळं बॅटरीवर. सलग पाऊस, आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी सासू. कोणी सांगत नाही ते सांगते. गाडीत पाणी बाहेरून येत नाही, आतूनच तयार होतं. पाच जणांचा श्वास, ओले कपडे, वर चहाची वाफ. सकाळी खिडकीवरून ओघळ थेट गादीत. उपाय : छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. हीटर मंद चालू. ओले रेनकोट बाथरूममध्ये दोरी बांधून तिथेच टांगायचे आणि दार बंद. सासूबाईंनी तर दारातच टॉवेल अंथरून चपलांची हद्द आखली, तिच्या आत कोणाची टाप नाही! ट्रिप त्यांच्यामुळे निभावली असं मी मनापासून म्हणेन. संध्याकाळी पत्ते, त्यांच्या लहानपणीच्या कोयनेकडच्या गोष्टी. मुलं अजून त्या आज्जी-गाडीबद्दल बोलतात.

टेक्सासकर

आलो. @सह्यकन्या मस्त लिहिलंय. छत्रीसारखं ऑनिंग असतं ना बाजूला, ते पावसात सपाट ठेवायचं नाही. एक पाय खाली करून उतार द्यायचा, नाहीतर पाणी साठतं आणि वजनाने फाटतं. शेजाऱ्यांचं रात्री फाटलं, आवाजाने आम्ही उठलो. आणि हिरवळीवर गाडी लावायचा मोह टाळा, खडीची जागा मागा.

अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कला कोणी जाणार असेल तर : गोइंग-टू-द-सन रोडच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत. बंपर, आरसे धरून.

मेतकूट_भात

फोडणी!!! पावसात खिडक्या बंद, मी मोहरी-हिंग टाकलं आणि अलार्म असा बोंबलला की पलीकडच्या गाडीतले आजोबा टॉर्च घेऊन आले. त्यांना तीच आमटी वाढली. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

दूरदेशी

न्यूझीलंडलाच, फ्रान्झ जोसेफ गावात अडकलो होतो २०१९ च्या मार्चमध्ये, वायहो नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हा. फॉक्स ग्लेशियर पलीकडे २०-२५ किमीवर आणि जायला सगळं बेट वळसा घालून यावं लागणार. व्हॅन भाड्याची, परत द्यायची तारीख ठरलेली. फोनवर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, रस्ता उघडेल तिकडून या. आर्थर्स पासवरून क्राइस्टचर्च गाठलं. त्या घाटात ओटीराचा उड्डाणपूल आहे, पावसात त्याच्यावरून चढताना मी एक शब्द बोललो नाही, बायको फोटो काढत होती. फार सुंदर फोटो आलेत.

निवांत_दुपार

@मेतकूट_भात आमटीची रेसिपी द्या ना, एका शेगडीवर होणारी.

मेतकूट_भात

देते. आधी फोडणी बाहेर ऑनिंगखाली करायची, ती डब्यात झाकून आत आणायची. मुगाची डाळ भिजवलेली असली की गॅस कमी लागतो. कोकम, गूळ, गोडा मसाला. बस.

सह्यकन्या

गोडा मसाला पिशवीतून न्यायचा नाही, दमट हवेत गोळा होतो. काचेची बरणी.

घाटमाथा

@निवांत_दुपार व्यनि केलाय. पत्रा आहे, ताडपत्री नको. @मेतकूट_भात तो वरचा अलार्म धुराचा. गॅसचा खाली जमिनीलगत असतो, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून. तो वाजला तर मात्र आमटी सोडून बाहेर पळा, सिलिंडर बंद करा.

मेतकूट_भात

हे माहीतच नव्हतं. आजच नवऱ्याला दाखवते कुठे आहे ते. आणि निवांत, कोकम शेवटी घाल हं, आधी घातलं तर डाळ शिजत नाही.